आमचे गुप्तहेर

मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या आणि मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या मनुष्याकडून समाजाच्या काही अपेक्षा असतात. त्याच्या उशाशी ज्ञानेश्वरी असावी, बोलता बोलता त्याने केशवसुतांचा नाही तर मर्ढेकरांचा हवाला द्यावा आणि संध्याकाळी तो कोणत्या तरी व्याख्यानमालेचे अध्यक्षस्थान भूषवीत असावा, असे लोक धरून चालतात. या अपेक्षांना आम्ही यथाशक्ती उतरत आलो आहोत. परंतु व्याख्यान आटोपून घरी गेल्यावर आम्ही काय करतो, हे आजवर कोणी विचारले नाही. विचारले असते तर आम्ही संकोच न करता सांगितले असते, की आम्ही दूरचित्रवाणीवर गुप्तहेरांच्या मालिका पाहतो. आणि त्यांत काम करणाऱ्या नटमंडळींवर आमचे घरच्या माणसांवर असावे तसे प्रेम आहे.

हा छंद आमच्या एकट्याचा नाही, याची आम्हांस खात्री आहे. बडोद्यास, इंदुरास, हैदराबादेस आप्तांकडे आमचा मुक्काम पडतो. रात्रीची जेवणे आटोपली, की ज्या घरात मंगळवारचा उपास आणि चैत्रातले हळदीकुंकू आजही चुकत नाही, त्याच घरात आजीबाई चष्मा पुसून संचासमोर येऊन बसतात आणि नातवास दटावतात, ‘‘गप्प बैस, आता साहेब येतील!’’ हे साहेब कोण, हे वाचकांस सांगावयास नको. परंतु सीमाभागातल्या माणसाच्या या छंदाला एक निराळी कड आहे. आमचे हेरांशी जे नाते जडले ते एका भाषेतून जडले नाही, तीन भाषांतून जडले. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आले.

आमचे बालपण निपाणीस गेले. तंबाखूच्या वखारी, त्यांचा तो नाकात झोंबणारा वास आणि पहाटे घोळक्याने कामास निघालेल्या बायका, हे त्या गावाचे चित्र अजून आमच्या डोळ्यांपुढे आहे. त्या काळी आमच्या भागात ‘सीआयडी’ हा शब्द मराठीच होऊन गेला होता. साध्या वेषातला पोलीस, लष्कराचा हेर, खाजगी शोधक, किंबहुना गल्लीत नव्याने दिसलेला आणि फारसे न बोलणारा कोणताही मनुष्य, सगळे सीआयडीच. शाळेत गुरुजींनी बहिर्जी नाईकांची गोष्ट सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी उत्स्फूर्तपणे म्हणाले होते, की म्हणजे ते महाराजांचे सीआयडी! गुरुजी हसले, पण त्यांनी चूक काढली नाही.

मराठी हेर आमच्याकडे पुस्तकांतून आले. भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानातून बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार, काळा पहाड आणि धनंजय-छोटू घरी येत आणि भूमितीच्या पुस्तकाच्या आड वाचले जात. अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्यामागून गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला. तो सैन्यातला हेर असल्यामुळे त्याचा आम्हां मुलांस विशेष अभिमान वाटे; कारण बेळगावास मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे आणि आमच्या आजूबाजूच्या खेड्यांत फौजेत गेलेला मनुष्य नाही असे घर विरळा. कॅप्टन दीप सुटीवर येतो तेव्हा तो आमच्याच एस. टी. थांब्यावर उतरत असला पाहिजे, असे आम्ही मनोमन ठरवून टाकले होते. पुढे सुहास शिरवळकरांनी आणखी नवे नायक दिले. समीक्षकांनी या लेखकांना वाङ्मयाच्या ओसरीवरही बसू दिले नाही. पण दोन भाषांच्या कात्रीत सापडलेल्या गावात कित्येक मुलांना मराठी वाचनाची गोडी लागली ती याच पुस्तकांमुळे. आम्ही मराठीचे पदवीधर झालो त्याचे थोडे पुण्य कॅप्टन दीपच्या खाती जमा केले पाहिजे.

पडद्यावरचा पहिला हेर मात्र आम्हांस कन्नड भाषेत भेटला. राजकुमार यांचा ‘जेडर बले’ हा चित्रपट १९६८ चा. दोरै-भगवान या जोडीने तो काढला आणि कन्नड पडद्यावर सीआयडी ९९९ हा हेर अवतरला. त्याच वर्षी याच हेराला घेऊन ‘गोवादल्ली सीआयडी ९९९’ निघाला आणि पुढे १९७८ मध्ये ‘ऑपरेशन डायमंड रॅकेट’. आमच्या जन्माच्या आगेमागे निघालेले हे चित्रपट आमच्या शाळकरी वयात फिरत फिरत पुन्हा येत. निम्मे संवाद आम्हांस कळत नसत. शेजारी बसलेला कन्नड मित्र ते कानात सांगे आणि त्याच्या मोबदल्यात आम्ही त्यास झुंजारची गोष्ट सांगत असू. हा व्यवहार उभयपक्षी चोख होता.

पुढे १९८२ मध्ये गोकाक चळवळ झाली आणि राजकुमार कन्नड भाषेच्या बाजूने तिच्या अग्रभागी उभे राहिले. सीमाभागातल्या मराठी घरांत त्या दिवसांत वातावरण कसे होते, हे ज्यांनी अनुभवले त्यांस सांगावयास नको. घरातली वडील मंडळी गंभीर चेहऱ्याने बोलत. आम्ही बारा वर्षांचे होतो आणि आमच्यापुढे एक अवघड प्रश्न पडला होता, की नऊशे नव्याण्णव आता आपला राहिला की नाही? वहीच्या मागल्या पानावर त्याचे चित्र चिकटवलेले होते. ते काढावे असे एकदा वाटले. पण काढता आले नाही. माणसाचे भाषेवर प्रेम असते आणि नटावरही प्रेम असते. ही दोन प्रेमे एकमेकींस विचारून जन्म घेत नाहीत, हे आम्हांस त्या वयात शब्दांत सांगता आले नसते. पण चित्र तिथेच राहिले.

त्यानंतर दूरचित्रवाणी आली आणि हेर हिंदी बोलू लागले. १९८५ मध्ये ‘करमचंद’ सुरू झाली. पंकज कपूर गाजर खात खात गुन्ह्याचा छडा लावीत आणि त्यांच्या मदतनीस किटीचे काम सुश्मिता मुखर्जी करीत. आमच्या गल्लीत दोनच संच होते. त्या दिवशी त्या दोन घरांच्या उंबऱ्याशी वहाणांचा ढीग पडे आणि दुसऱ्या दिवशी बाजारात गाजरे मागणारी मुले दिसत. १९९३ मध्ये बासू चटर्जींची ‘ब्योमकेश बक्षी’ आली. रजित कपूर यांचा तो शांत, धोतर नेसणारा, स्वतःस सत्यान्वेषी म्हणवणारा शोधक पाहून आम्ही थक्क झालो. हाणामारी नाही, धावपळ नाही. नुसत्या विचारावर गुन्हेगार सापडतो! त्यात त्यांच्या पत्नीची, सत्यवतीची भूमिका सुकन्या कुलकर्णी यांनी केली होती. बंगाली लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय, त्यांची बंगाली नायिका, ती साकारणारी मराठी मुलगी, भाषा हिंदी आणि पाहणारे आम्ही कर्नाटकात! आमच्या मातोश्रींना मात्र या गुंत्याशी कर्तव्य नव्हते. ‘‘कुलकर्ण्यांची मुलगी आहे हो,’’ एवढे म्हणून त्या पदर सावरून पुढे सरकून बसत.

‘आपले माणूस’ पडद्यावर शोधण्याची ही सवय परमुलखातल्या प्रत्येक मराठी घरात आढळते. नामावळी वेगाने सरकत असते आणि घरातले कोणीतरी ओरडते, ‘‘अरे, साटम! साटम म्हणजे आपलेच!’’ पुण्या-मुंबईच्या मंडळींना याचे हसू येते, कारण त्यांच्या दारावरच्या पाटीपासून बसवरच्या फलकापर्यंत सगळेच त्यांच्या भाषेत असते. ज्याला आपली अक्षरे शोधावी लागतात त्यालाच ती दिसल्याचा आनंद कळतो.

शिवाजी साटम हे नाव आम्ही प्रथम ऐकले ते मुंबईच्या पाहुण्यांकडून. मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ नावाची मराठी मालिका लागे. पोलिसांना बोलावण्याचा जो दूरध्वनी क्रमांक, तेच तिचे नाव. पाहुणे तिच्या गोष्टी रंगवून सांगत आणि आम्ही ऐकत असू. कारण आमच्या कौलांवरच्या अँटेनावर मुंबई केंद्र कधी उतरले नाही. मराठी बोलणारा पोलीस अधिकारी पडद्यावर वावरतो आहे आणि तो आपल्याला दिसत नाही, याची एक बारीकशी रुखरुख होती. ती मालिका करणारे ब्रजेंद्रपाल सिंग यांनीच पुढे हिंदीत ‘सीआयडी’ काढली. २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर तिचा पहिला भाग लागला आणि एसीपी प्रद्युम्न या नावाने साटम अखेर आमच्या घरी आले. आले ते हिंदी बोलत आले, पण आले.

ती मालिका किती काळ चालावी? २७ ऑक्टोबर २०१८ रोजी ती थांबली तेव्हा वीस वर्षे उलटून गेली होती आणि पंधराशेच्या वर भाग झाले होते. पहिला भाग लागला तेव्हा आम्ही नुकतेच नोकरीस लागलो होतो. शेवटचा लागला तेव्हा आमच्या हाताखालून गेलेली मुले स्वतः आईबाप झाली होती. मध्यंतरी २००४ मध्ये त्या मंडळींनी एकशे अकरा मिनिटांचा एक संपूर्ण भाग कॅमेरा एकदाही न थांबवता चित्रित केला. नाटकात काम केलेल्या माणसालाच त्याची खरी किंमत कळेल. शाळेच्या स्नेहसंमेलनात वीस मिनिटांची एकांकिका न अडखळता पार पडली तर आम्ही नारळ फोडतो!

मालिकेतले दोष आम्हांस दिसत नाहीत असे नाही. प्रयोगशाळेतले साळुंखे डॉक्टर एका केसावरून क्षणात जे सांगतात, ते कळावयास खऱ्या प्रयोगशाळेत कित्येक दिवस, कधी कधी महिने लागतात. साहेबांनी एक थप्पड दिली, की आरोपी सगळे कबूल करतो. प्रत्यक्षात पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून न्यायालयात चालत नाही. शिवाय शिक्षणहक्काच्या कायद्याने विद्यार्थ्यावर हात उगारणे आम्हांस वर्ज्य केले आहे, ते योग्यच आहे. त्यामुळे थप्पडेचा प्रसंग आला, की आम्ही मुख्याध्यापक या नात्याने क्षणभर मान वळवतो.

तरीही माणसे ही मालिका का पाहत राहिली? आमच्या मते रहस्याकरिता नव्हे. पाचव्या मिनिटास खुनी ओळखणारे प्रेक्षक आमच्या घरात तिघे होते. ती पाहिली गेली ती माणसांकरिता. साटम हे सेंट्रल बँकेत रोखपाल होते आणि बँकांच्या नाट्यस्पर्धांतून रंगभूमीवर आले. म्हणूनच की काय, त्यांचे साहेब आम्हांस नट वाटत नाहीत, कचेरीतले जुने वरिष्ठ वाटतात. चेहऱ्यावर थकवा आहे, पण काम टाकून जाणार नाहीत. हाताखालच्या माणसाला रागावतील, पण बाहेरच्याने त्यास बोल लावला तर आधी स्वतः पुढे होतील. सरकारी नोकरीत ज्याने तीस वर्षे काढली आहेत त्यास असा वरिष्ठ मिळणे म्हणजे काय, हे ठाऊक असते. शिवाय ही सारी मंडळी वर्षानुवर्षे तीच राहिली. आमच्या घरांतून मुले पुण्यास गेली, मुली बंगळुरास गेल्या, म्हातारी माणसे निवर्तली. पण पडदा उघडला की साहेब, अभिजित आणि दया आपल्या जागी उभे. त्या स्थैर्यावर लोकांचा जीव जडला.

या मंडळींत कोण कुठला हे पाहणे मोठे मौजेचे आहे. अभिजित झालेले आदित्य श्रीवास्तव प्रयागचे. दार तोडणारे दया, म्हणजे दयानंद शेट्टी, यांचे मूळ कर्नाटकाच्या किनाऱ्यावर, उडुपीच्या बाजूस. साळुंखे हे आडनाव अस्सल मराठी, पण ती भूमिका करणारे नरेंद्र गुप्ता. आणि फ्रेड्रिक्स या ख्रिस्ती नावाच्या, सर्वांना हसवणाऱ्या अधिकाऱ्याचे काम करणारे दिनेश फडणीस आमचे मराठी. ५ डिसेंबर २०२३ रोजी फडणीस गेले. त्यांचे वय अवघे सत्तावन्न होते. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सातवीचा एक मुलगा आमच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘सर, फ्रेडी सर गेले.’’ तो त्यांस ‘सर’ म्हणाला, हे आमच्या ध्यानात राहिले.

आमच्या शाळेच्या आवारातच कन्नड शाळा आहे. पटांगण एक, पाण्याची टाकी एक, अक्षरदासोहाचे स्वयंपाकघर एक. घंटा मात्र दोन. मधल्या सुटीत दोन्ही शाळांची मुले मिळून सीआयडीचा खेळ खेळतात. एक जुना, कड तुटलेला फळा निंबाच्या झाडास टेकवून ठेवलेला आहे, तो त्यांचा दरवाजा. एकदा त्या झाडाखाली मोठा कलह माजला. आमच्या मुलांचे म्हणणे असे, की साटम मराठी, सबब साहेब नेहमी मराठी शाळेचाच होणार. त्या मुलांचे उत्तर असे, की शेट्टी कर्नाटकाचे, तेव्हा दया कन्नड शाळेचा. आणि दया नसेल तर तुमचे साहेब दाराबाहेरच उभे राहतील! युक्तिवाद बिनतोड होता. प्रकरण आमच्यापर्यंत येणार असे वाटून आम्ही चष्मा चढवून तयार होतो. परंतु ते आलेच नाही. मुलांनी आपसांत परीक्षा घेतली. हाताची बोटे हवेत फिरवून ‘कुछ तो गड़बड़ है’ हे वाक्य सर्वांत झोकात म्हटले ते कन्नड शाळेतल्या एका किडकिडीत मुलाने. तो साहेब झाला. फळ्यास सर्वांत जोराचा खांदा दिला तो आमच्या शाळेतल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने. तो दया झाला. सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ मध्ये दाखल झाला. ती मुले जन्मली ती त्यानंतर कित्येक वर्षांनी. आणि त्यांचा निवाडा एका मधल्या सुटीत झाला. दोन प्रश्नांची तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. आमच्या मातृभाषेच्या न्याय्य हक्कांविषयी आमचे मत आहे ते आहेच. मुलांचा खेळ पाहून बरे वाटले, एवढेच सांगावयाचे आहे.

आता आमच्या आत्याबाईंविषयी सांगितले पाहिजे, कारण त्यांच्याइतकी निष्ठावंत चाहती आम्ही दुसरी पाहिली नाही. त्या निपाणीसच राहतात. ऐन उमेदीची वर्षे त्यांनी तंबाखूच्या वखारीत काढली. अक्षरओळख नाही. यजमान जाऊन पुष्कळ वर्षे झाली. एकुलता मुलगा नोकरीनिमित्त दूर. तो पैसे नेमाने पाठवतो, पण येणे वर्षाकाठी एकदा गणपतीत. आमच्याकडे बेळगावास या म्हटले, तर त्या म्हणतात, ‘‘माझं दार सोडून मी कुटं यीऊ?’’ मूळ मालिका थांबल्यावरही तिचे जुने भाग रोज सायंकाळी लागत. ती वेळ म्हणजे आत्याबाईंची देवपूजेइतकी ठरलेली वेळ. शेजारच्या घरातल्या कन्नड अक्का त्या वेळी चहाची किटली घेऊन येत. एकीला हिंदी येत नाही, दुसरीला मराठी अर्धेमुर्धे येते. पण दोघी मिळून गुन्हेगार धरीत. आत्याबाई दयास ‘माझा दांडगोबा’ म्हणत. आम्ही एकदा थट्टेने विचारले, की आत्या, साहेब एवढे हुशार, मग तुमचे प्रेम दयावर का? त्यांनी दिलेले उत्तर आम्ही विसरलेलो नाही. त्या म्हणाल्या, ‘‘साहेब कोण मेलं त्ये शोधत्यात. पर ह्यो दार वाजवतो, आतनं जबाब न्हाई आला तर तोडून आत येतो. एकट्या मानसाला आसा कुनीतरी लागतो, बाबा.’’

काही वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यात मालिकेची वेळ झाली. अक्का किटली घेऊन आल्या, तर दार आतून बंद. आत संचाचा आवाज नाही. एरवी कोणी म्हटले असते, म्हातारी झोपली असेल. पण ही वेळ झोपण्याची नव्हे, हे अक्कांइतके दुसरे कोण जाणणार? ‘‘अक्का, बागला तगीरी,’’ असे त्यांनी चार-पाच वेळा हाकारले. उत्तर नाही. त्यांनी आपल्या थोरल्या मुलास बोलावले. त्याने दोनदा खांदा दिला आणि कडी निखळून पडली. आत्याबाई मोरीपाशी पडलेल्या होत्या, माकडहाडास मार, बोलण्याचे त्राण नाही. दुपारपासून तशाच होत्या. त्याच रात्री त्यांस इस्पितळात नेले. आम्ही बेळगावाहून पोहोचलो तेव्हा अक्का बाकड्यावर बसून होत्या, हातात ती रिकामी किटली तशीच. डॉक्टर म्हणाले, रात्र तशीच गेली असती तर कठीण होते.

बऱ्या झाल्यावर आत्याबाईंनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की कडी नवी बसवा, पण हलकी बसवा.

गुप्तहेरांच्या वेडास लोक वेळेचा अपव्यय म्हणतात. एरवी त्यावर आम्ही वाद घातला असता. आता घालीत नाही. एका ठरलेल्या वेळी दोन म्हाताऱ्या एकत्र बसतात आणि एक आली नाही हे दुसरीच्या लगेच ध्यानात येते, एवढा उपयोग पुरे आहे.

या वेडाचा दुसरा चेहरा आम्हांस २०२५ साली दिसला. मालिका २१ डिसेंबर २०२४ पासून पुन्हा सुरू झाली होती. जुनी मंडळी परतली म्हणून घरोघरी आनंद झाला. आणि एप्रिल २०२५ मध्ये कथानकात एसीपी प्रद्युम्न यांचा मृत्यू झाल्याचे दाखवले. वाहिनीनेही श्रद्धांजली वाहावी तशी घोषणा केली. देशभरचे चाहते हळहळले, संतापले. साटम स्वतः सुखरूप आहेत हे सर्वांस ठाऊक असूनही लोकांच्या घशाखाली घास उतरेना. आत्याबाईंचा दूरध्वनी आला. त्यांनी विचारले, ‘‘सायेब गेलं म्हनं? आता न्हाईत व्हय रं येनार?’’ आम्ही मुख्याध्यापकी थाटात समजावू लागलो, की आत्या, ते नाटक असते, ते गृहस्थ घरी चहा पीत बसले असतील. पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्या म्हणाल्या, ‘‘त्ये म्या जानती. पर आमच्या घरातलं गेलं न्हवं.’’

यात अडाणीपणा नाही. १८९३ मध्ये कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सला धबधब्याच्या दरीत पाठवून त्याचा शेवट केला, तेव्हा शिकल्यासवरल्या इंग्रज वाचकांनीही असाच शोक केला होता, लेखकास रागाची पत्रे पाठवली होती. दहा वर्षांनी, १९०३ मध्ये, डॉयल यांना होम्स पुन्हा उभा करावा लागला. सोव्हिएत रशियात १९७३ मध्ये श्टिर्लिट्स नावाच्या हेरावर बारा भागांची मालिका झाली. व्याचेस्लाव तिखोनव हे त्यातले नट. ती लागे त्या वेळी रस्ते ओस पडत, असे सांगतात; आणि तिखोनव वृद्ध झाले तरी लोक त्यांस त्या हेराच्याच नावाने ओळखत राहिले. लंडन असो, मॉस्को असो की निपाणी असो, माणसाचे मन एकच. जो संकटात येतो त्यास मरू द्यावयास ते तयार नसते. आमच्या साहेबांच्या बाबतीत तर दहा वर्षेही लागली नाहीत. काही आठवड्यांतच साटम त्या भूमिकेत परतले. आम्ही ही वार्ता दूरध्वनीवरून कळवली तेव्हा आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘मला ठावं हुतं. धुरात काय दिसलं हुतं कुनाला?’’ चाळीस वर्षे हेरकथा वाचून आम्हांस जो सिद्धान्त सुचला नाही, तो त्या निरक्षर बाईने सहज मांडला. धूर निवळेपर्यंत कोणास मृत म्हणू नये!

राहून राहून एक विचार मनात येतो. परमुलखात आणि सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या आयुष्यात ‘आपला कोण’ हा प्रश्न वारंवार उभा राहतो. आडनावावरून, भाषेवरून, गावावरून आपण त्याचे उत्तर शोधत असतो आणि त्यात वावगे काही नाही. नामावळीत मराठी नाव दिसले, की आम्ही आजही खुर्चीत सरसावून बसतो आणि पुढेही बसू. परंतु आपल्या घरांतली तरुण माणसे एकेक करून दूर चालली आहेत. मागे उरलेल्या प्रत्येक घरास एक दार आहे आणि त्या दाराआड कोणी ना कोणी एकटे आहे. त्या माणसाला मालिकेतला साहेब रोजची सोबत देतो, हे खरे. दार तोडावयास मात्र शेजारचाच कोणी यावा लागतो आणि तो कोणती भाषा बोलत येईल याचा नेम नाही. म्हणून वाचकांस एवढीच विनंती, की आपल्या गल्लीतल्या कोणा वृद्धास एखाद्या मालिकेचे वेड असेल तर त्यास हसू नये. मालिकेची वेळ तेवढी विचारून घ्यावी आणि एखाद्या संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसावे. चहा बहुधा मिळेल. न मिळाला तर किटली आपण न्यावी.